ती इथे राहत नाही

फोडणीतला लसूण करपल्याचा वास आला की मला आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमधली ती दुपार आठवते. त्याआधी माझी नोकरी गेली होती, क्रेडिट कार्डाचे हप्ते थकले होते आणि वर्षभर वसुलीची माणसं दारात येऊन सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात माझं नाव घ्यायची. नवी नोकरी लागल्यावर मी सगळं फेडलं आणि बिघडलेला क्रेडिट स्कोअर सुधारावा म्हणून एफडी ठेवून त्यावर एक छोटं कार्ड मागितलं. पत्ता तपासायला बँकेचा माणूस येणार, हे आईला सांगायचं मात्र राहून गेलं. बेल वाजली तशी ती गॅसवरची फोडणी तशीच सोडून धावली. सेफ्टी डोअरच्या जाळीतून तिला फाइल दिसली, माझं नाव ऐकू आलं, आणि ती म्हणाली, "ती इथे राहत नाही. लग्न होऊन गेली." "कुठे दिली, काकू?" "लांब." मी आतल्या दाराआड उभी होते. "मग तसंच लिहितो," तो म्हणाला, तेव्हा कार्ड हातचं जाणार हे कळलं. शेवटी मी पुढे जाऊन उभी राहिले. "मीच ती." त्याने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माहेरपणाला आलात वाटतं, मॅडम?" मी दार उघडून त्याच्या कागदावर सही केली. कार्ड आलं, आता स्कोअरही बराच सुधारलाय. आई मात्र अजून कुरियरवाल्यालासुद्धा आधी विचारते, "काय काम आहे तिच्याशी?" आणि त्याचं उत्तर ऐकू येईपर्यंत आत मीही हलत नाही.