गोजरबाईनं परत मागितलेलं सपान

सपान कुणी परत मागतं का? आमच्या वाटूर गावात गोजरबाईनं मागितलं. हसू नका, मी तिथंच बसलेली व्हते.

गोजरबाई माझी शेजारीण, भिंतीला भिंत. नवरा लवकर गेला. एकुलती एक लेक, केशर, सहा वर्षांची असताना गोवरानं गेली. तवापासून बाई माझ्यासंगं कापूस वेचायला यायची, कुणाच्या अध्यात न्हाई की मध्यात न्हाई. पण एखाद्या सकाळी डोळे ओले आन तोंड हसरं घेऊन निघायची. त्या दिवशी हात बोंडावर चालायचे आन बाई कुठंतरी लांब, धुक्यात. "नंदे, ऊन किती गोड पडलंय," म्हणायची. डोक्यावर आग ओतून राह्यली आन म्हणे गोड! काही सपान पडलं का, असं विचारलं तर गप. चांगलं सपान सांगितलं की विटतं, अशी आमच्याकडं समज हाये.

दोन हजार साली साहेबराव गुरुजींची सत्यशीला विद्यापीठातून गावात आली. डॉक्टर व्हायचं व्हतं तिला, सुईवाली न्हाई, पुस्तकातली. आन अभ्यास कशाचा, तर कापूस वेचणाऱ्या बायांच्या सपनांचा! मी म्हणलं, "अगं बाई, आम्हाला झोपच कुठं धड लागती, सपनं कुठून आणू?"

पण त्याच्यासाठी बी मंजुरी लागायची. माणसांना विचारून अभ्यास करायचा तर त्यांना त्रास होऊ नये म्हणून विद्यापीठात एक समिती नवीच बसवली व्हती. समितीनं सत्यशीलाचा अर्ज परत पाठवला. गावची पोरगी, त्यात गुरुजींची, तिनं विचारल्यावर बाया न्हाई कशा म्हणतील? बराबरच व्हतं म्हणा. मंग ठरलं की कागद दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवायचा आन सत्यशीलानं तिथं थांबायचंच न्हाई. माझी सातवी झालेली, म्हणून ते काम माझ्या गळ्यात. पुढं समितीतल्या एका बाईनं तिला विचारलं, "सांगितलेलं कुणी परत मागितलं तर?" सत्यशीला म्हणली, "परत देईन." तवा कुठं मंजुरी आली.

मी घरोघर कागद वाचला. मन न्हाई झालं तर बोलू नका, बोलल्यावर बी माघार घेता येती, कुणी का म्हणून विचारणार न्हाई. गोजरानं लई वेळ विचार केला आन म्हणली, "सांगते. माझी केशर कुणाच्या तरी ध्यानात राहील. पण तू बी बस जवळ."

सत्यशीलानं आवाज भरून घ्यायचा टेप चालू केला. गोजरा डोळे मिटून बोलायला लागली. पहाटं फुटलेल्या कापसातून केशर चालत येती. पाय जमिनीला लागत न्हाईत. आन नवल म्हणजे पोरगी सपनात वाढून राह्यली व्हती! सहाची धा झाली, परकर गेला, साडी आली. "आता एकोणीसची हाये," गोजरा म्हणली, "परवा सांगत व्हती, आई, मला बघायला पाहुणे येणार हायेत." सत्यशीलाच्या डोळ्याला धार लागली. माझ्या बी. विद्यापीठातल्या तिच्या सरांनी तर सांगितलं की सगळा अभ्यास ह्याच सपनावर उभा राहील.

आन केशर यायची बंद झाली.

गोजरा वाळत चालली. अंधार पडायच्या आधीच अंथरूण टाकायची, पहाटं कोरडी उठायची. "पाहुणे येऊन माघारी गेले असतील गं. पोरगी एकटीच बसली असंल." एवढंच म्हणायची. शेवटी सत्यशीला गावात आली तशी तिच्या पुढ्यात जाऊन उभी राह्यली. "सत्यशीला, माझं सपान मला परत दे."

साहेबराव गुरुजी भडकले. "असल्या खुळ्या समजुतीपायी मेहनतीवर पाणी सोडती का? हेच शिकवलं का मी तुला?"

"बाबा, खरं की खोटं ते मी ठरवायचं न्हाई," सत्यशीला म्हणली. "सपान त्यांचं हाये. मी शब्द देऊन मंजुरी आणली." मला तिचा अभिमान बी वाटला आन कीव बी आली.

लिहून घेतलेलं तिनं आधी चुलीत घातलं. मंग गोजराच्या अंगणात टेप ठेवला. त्याच फितीवर परत भरायचं, पण बोलायचं कुणी न्हाई, म्हणजे आधीचं पुसलं जातं. आम्ही तिघी गप बसलो. लिंबाची पानं हालत व्हती, कोंबडी माती उकरत व्हती. फीत फिरत राह्यली. आपण बसल्या जागी झोपेत चाललो असं मला वाटायला लागलं. टेपचं बटण खट्‌ करून वर आलं तवा गोजरानं सत्यशीलाच्या गालावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली.

पुढं बरेच दिवस काहीच न्हाई. मला तिला विचारायची बी हिंमत न्हाई.

मंग एका सकाळी वेचणीची वेळ झाली तरी गोजरा बाहीर येईना. मी तिच्या दाराशी गेले. दार ढकललं तर बाई कुशीवर झोपलेली, ऊन पायावर आलेलं, आन झोपेतच कुणाला तरी आग्रह करून राह्यली.

"पोटभर जेव गं. मंग जा सासरी."

म्हणजे लगीन बी उरकलं! भिंतीला भिंत लागून, आन आम्हाला अक्षदा टाकायला सुदीक बोलावलं न्हाई बयेनं. मी तिथंच तोंडात पदर कोंबून रडले. मंग दार हळूच लावलं आन शेतावर जाऊन सांगितलं, गोजराला आज जमायचं न्हाई, तिची लेक आली हाये.