पोटाचा आकडा

देवाने माणसाला पोट दिले, पण त्या पोटावर आकड्यांची पट्टी दिली नाही, याचा राग आयुष्यभर मनात धरून बसलेला माणूस मी एकच पाहिला. तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. केदारखेड्याला दुधाच्या डेअरीवर ते टेस्टर होते. कॅनमध्ये दुधातले पाणी पकडणारा लॅक्टोमीटर सोडायचा, आकडा वाचायचा, फॅट काढायचे आणि वहीत लिहायचे, हे त्यांनी इतकी वर्षे केले की ज्याला आकडा नाही त्यावर त्यांचा विश्वासच उरला नव्हता. आजारातून उठलेला कुणी “आता बरं वाटतंय” म्हणाला, की मामा शांतपणे विचारायचे, “किती?” लॅक्टोमीटर सदऱ्याच्या लांब खिशात कायम असे. टेंभुर्णीच्या एका लग्नात त्यांनी तो वाढप्याच्या बादलीतल्या मठ्ठ्यात सोडला आणि भर पंगतीत जाहीर केले, “अठरा. दह्याला हात आखडता, पाण्याला तांब्या सैल.” नवरीचा बाप हात जोडून म्हणाला, “मामा, जेवा गपचूप. ही डेअरी न्हाई.”

मामांची खरी भक्ती ताकावर होती. विरजणाची एक झाकणाची डबी ते परगावीही सोबत नेत. आमच्याकडे मुक्कामाला आले की आधी स्वयंपाकघरात जाऊन स्वतःचे दही लावत आणि मग पाय धूत. “तुमच्या दह्यात दम न्हाई, जावईबापू. माझ्या विरजणात जित्ते जीव हायेत. पोटात जाऊन चाकरी करून राह्यले.” ही चाकरी नीट चालली आहे की नाही, हे ते जिभेवरून ठरवत. रोज सकाळी अंगणात उन्हाला तोंड करून आरशात जीभ पाहायची आणि तिच्यावरचा पांढरा थर पाहून दहापैकी गुण द्यायचे, थर कमी तर गुण जास्त. नंतर गावाचीही जीभ ते पाहू लागले. सरपंचांनीसुद्धा ग्रामपंचायतीच्या पायरीवर निमूटपणे जीभ काढून दाखवलेली मी पाहिली आहे. त्यांना चार गुण मिळाले. ते पुढे दोन महिने दुसऱ्या रस्त्याने जात.

भोकरदनला माझी रक्त-लघवी तपासायची छोटी लॅब होती. दोन हजार सालाच्या आगेमागे एक दिवस मामा तिथे आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, “जिभेचं काही खरं न्हाई. पान खाल्लं की लाल दिसती. दुधाला लॅक्टोमीटर हाय. पोटाला काय हाय, ते सांगा.” बाहेर पेशंट खोळंबले होते. मामांना वाटेला लावायचे म्हणून मी सांगितले, की आतड्याला सूज असली तर शौचात पू-पेशी दिसतात. सूज उतरली की त्या कमी होतात. मायक्रोस्कोपखाली त्या मोजता येतात. मामा उठून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर असे समाधान मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिले नव्हते.

घरी मामींना दोन वर्षांपासून पोटाचा त्रास होता. मुरडा, आव, कधी रक्त. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. मामांनी त्यांना दिवसातून तीन वेळा ताक सुरू केले आणि दर मंगळवारी नमुन्याची डबी घेऊन एसटीने माझ्याकडे येऊ लागले. मामी मला म्हणाल्या, “जावईबापू, बाया इचारतात, मंगळवारी मामा पिशवीत काय नेतात भोकरदनला? आता काय सांगू मी?”

पहिल्या दोन मंगळवारी मी खरोखर तपासले. वीस ते पंचवीस पेशी. दोन्ही वेळा तेवढ्याच. दुसऱ्या वेळी कागद घडी करताना मामांची बोटे मंद झाली. तिसऱ्या मंगळवारी गर्दी होती, त्या डबीची मला किळस होती आणि मामांचा पडलेला चेहराही पाहवत नव्हता. मी न पाहताच लिहिले, पंधरा ते अठरा. मामा लहान मुलासारखे हसले. त्या हसण्याची मला सवय लागली. मग दहा ते बारा, मग चार ते पाच. डब्या मी न उघडताच टाकून देत होतो.

मामांनी मग गोळ्या बंद केल्या. मामींच्या जिवाशी खेळायला नव्हे, तर हिशेबाच्या माणसाला शोभेल अशा कारणाने. “दोन औषधं संगं चालू असली तर कोणाचं काम, ते कसं कळंल?” मंगळवारच्या डब्या चालूच होत्या. तीन आठवड्यांत मामींना जालन्याला दवाखान्यात भरती करावे लागले. रक्त फार गेले होते. दहा दिवसांनी त्या धोक्याबाहेर आल्या आणि गोळ्यांनी हळूहळू बऱ्या झाल्या. त्यांच्या खाटेशी मामा मला म्हणाले, “ताकानं दगा दिला, जावईबापू. तुमचे आकडे उतरून राह्यले होते, म्हणून मी गाफील राह्यलो.” मी सलाइनच्या नळीकडे पाहत राहिलो. त्या दिवसापासून मामांनी दही लावणे सोडले. कुणी विचारले तर म्हणत, “माझी समज चुकली.”

हे ऐकत मी तीन वर्षे काढली. मग एका दुपारी केदारखेड्याला गेलो आणि ओट्यावर बसून सगळे सांगितले. मामी दारात निवडण्याचे ताट घेऊन बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला. मामांनी शिवी द्यावी, निदान उठून आत जावे, अशी माझी तयारी होती.  पण डेअरीवर विचारावे तशा साध्या आवाजात त्यांनी विचारले, “मंग खरा आकडा किती व्हता?”

“पहिल्या दोन डब्यांनंतर मी पाहिलंच नाही, मामा.”

“त्याच्यानंतर एकाही डबीत न्हाई? गोळ्या बंद, निस्तं ताक चालू असताना एकदाबी न्हाई?”

“नाही.”

“कमी झाला असंल, वाढला असंल.” ते स्वतःशीच म्हणाले. “आता तर ही बरी झाली. आता मोजायला काय राह्यलं.” मामींनी ताट बाजूला ठेवले आणि मला पाण्याचा तांब्या आणून दिला.  मामांनी मला त्या दिवशी जेवू घातले, एसटीपर्यंत सोबत आले, बसायला खिडकी मिळवून दिली. गाडी सुटेपर्यंत ते खिडकीचा गज धरून उभे होते आणि मला वाटत राहिले, की ते आत्ता मला माफ केले म्हणतील. त्यांच्या मनात ते नव्हतेच. गाडी हलली तेव्हा सोबत चार पावले चालत त्यांनी एवढेच विचारले, “अंदाजे तरी?”