बाई आडनावाच्या बावीस जणी

सीताबर्डीवर चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसून मिनल पराते कॅनडातल्या धर्मादाय संस्थांची वार्षिक विवरणपत्रं भरते. कॅनडा तिने फक्त नकाशात पाहिलाय. पण तिथल्या कुठल्या संस्थेने किती ब्लँकेटं वाटली, हे तिला तोंडपाठ. ही विवरणपत्रं जगात कुणालाही वाचता येतात, लपवाछपवी चालत नाही, याचा तिला कोण अभिमान! आईला मात्र अजून वाटतं, पोरगी बँकेत आहे.

यंदा एका फायलीत चक्क इथलं जवळचं उमरेड निघालं. संस्थेने तिथल्या बावीस विणकर बायकांना हातमाग दिले होते, दर महिन्याला सूतही देत होती. संस्थेची तिकडची हिशेबनीस मार्गारेट. अख्खं ऑफिस तिला मार्गारेटबाई म्हणतं. मार्गारेटने यादी वाचली. मैना बाई, कौसल्या बाई, शामला बाई... लगेच तिची ईमेल आली: "सगळ्यांचं आडनाव बाई कसं? मदत एकाच कुटुंबात गेली का? खुलासा येईपर्यंत सूत थांबवलं आहे."

ऑफिस हसून लोटपोट झालं. मिनलही हसली, आणि मग तिचा चेहरा उतरला. यादीतली पहिली मैनाबाई तिची सख्खी मावशी होती. नावापुढची तिची वळणदार सही मिनलने बघताक्षणी ओळखली होती. पण हे कुणी विचारलंच नव्हतं.

"काहून लफड्यात पडून राहिली?" शेजारच्या टेबलावरचा पियुष म्हणाला. "बाईचा अर्थ सांग आन् मोकळी हो."

मिनलने मावशीलाच फोन लावला. "मावशी, आपलं नातं लिहिलं तं तुह्यं सूत कदाचित बंदच होईन."

पलीकडे माग खटखटत होता, तो थांबला. "मी तुही मावशी हाओ, हे काय लपवाची गोष्ट हाय वं? लिहून टाक. माही सही खोटी हाय काय?"

मिनलने लिहिलं: 'बाई' हे आडनाव नाही, मान आहे. आम्ही तुम्हालाही मार्गारेटबाईच म्हणतो. या बावीस जणी वेगवेगळ्या घरच्या. खरी आडनावं सोबत जोडली आहेत. मात्र मैनाबाई माझी मावशी आहे.

पाठवताना तिला खरंच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तर आलं. सूत सुरू. मैनाबाईंचे कागद पियुष तपासेल, बाकी फाईल तुमच्याकडेच. न विचारता सांगितलंत, त्याबद्दल आभार.

खाली सही होती: मार्गारेट बाई.