पालथा कागद

छापून आलेला पहिला कागद अण्णा कधी वाचत नसत. त्याचे दोन्ही कोपरे चिमटीत धरून खिडकीपुढे ताणायचे आणि नजर या काठापासून त्या काठापर्यंत सरकवत न्यायचे. मग म्हणायचे, "चूडम्मा, हितं धागा तुटलाय की."

चूडम्मा म्हणजे तेलुगूत 'बघ बाई'. ती बाई म्हणजे मी.

सोलापुरात विद्यापीठाचं केंद्र होतं. त्याच्या ग्रंथालयात, जिन्याखालच्या खोलीत सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. टाइप केलेला मेणकागद त्यावर चढवायचा, हँडल फिरवायचं, की प्रती पडू लागायच्या. ते यंत्र अण्णा चालवायचे. घराणं विणकरांचं, अर्धं आयुष्य चादरीच्या मागावर काढून ते इथे नोकरीला लागले होते. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, आणि छापायला यायचं ते बहुतेक इंग्रजीच. तुम्ही म्हणाल, मग त्यांना चुका कशा सापडायच्या? मलाही तेच कोडं होतं.

एकदा इंग्रजीच्या एका सरांनी पुस्तकांची यादी छापायला दिली. अण्णांनी पहिल्याच प्रतीवर बोट ठेवलं.

"सर, ह्यो शब्द चार ठिकाणी आलाय. तिसऱ्याची वीण येगळी हाय."

"तुम्हाला इंग्रजी येतं?"

"न्हाय की. नक्षी येती."

सरांनी कागद डोळ्यांजवळ नेला. दोन अक्षरांची अदलाबदल झाली होती, आणि ती चूक टाइप करणाऱ्याची नव्हे, सरांच्या हस्ताक्षरातच होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि कागद घेऊन ते निघून गेले.

मी कोकणातली, दापोलीकडची. चौथीनंतर शाळा सुटली. नवऱ्याला इथे रेल्वेत काम लागलं म्हणून आले, आणि वर्षभरातच यार्डात त्याचा हात चिरडला. घर माझ्या रोजंदारीवर आलं. छापलेली पानं क्रमानं लावून टाचायची, एवढंच माझं काम. पण चुकलं तर घालवतील, या धास्तीनं मी एकेक गठ्ठा तीनदा तपासायची.

अण्णा चिडवायचे, "समुद्राकडची तू, आन कागदात बुडतीस व्हय गं?"

पण ग्रंथपालसाहेब आले की म्हणायचे, "साहेब, हिचा गठ्ठा बघू नका. तीनदा बघून झालेला असतोय."

मग एके दिवशी फोटोस्टॅटचं यंत्र आलं. कपाटाएवढं. हमालांनी ते जिन्याखाली न्यायचा प्रयत्न केला, मावेना, म्हणून वाचनालयाचा एक कोपरा रिकामा केला. साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. "आता मेणकागद नको, हँडल नको. एक माणूस पुरे. अण्णा, कंपनीचा माणूस तीन दिवस शिकवेल, शिकून घ्या. बाई, तुम्ही महिनाअखेरपर्यंत या."

एवढंच. मी 'बरं' म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पुण्याहून आलेला कंपनीचा माणूस तरुण होता, बोलायला चटपटीत. काचेवर कागद ठेवायचा, झाकण लावायचं, बटण दाबायचं. अण्णांनी कागद ठेवला, झाकण लावलं, बटण दाबलं. आत लखकन उजेड झाला आणि कोरा करकरीत कागद बाहेर आला.

"अहो, पालथा ठेवायचा! अक्षरं काचेकडे!"

"तोंड खाली घालून?" अण्णांना ते पटेचना. "आमी जल्मभर समोरनं बघत आलो."

मी फडकं घेऊन दाराशी उभी होते. पहिल्या खेपेलाच मला कळलं होतं. खरं सांगते, तो कोरा कागद पाहून मला आतून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरा कागद. तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः बघायला आले, तेव्हाही कोराच. कंपनीचा माणूस वैतागून म्हणाला, "पालथ्या घड्यावर पाणी!"

अण्णा शांतपणे म्हणाले, "घडा सुलटाच हाय, साहेब. पालथं तुमालाच पायजे."

सगळे हसले. साहेब मात्र हसले नाहीत. "अण्णा, यंत्र असं पडून राहिलं तर मी वर काय सांगू?"

"हिला जमतंय की. तीन दिस दारातनं बघतीया."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागद पालथा ठेवला, झाकण लावलं, बटण दाबलं. काळी, ठळक, एकूण एक अक्षर आलेली प्रत बाहेर पडली. अजून गरम होती. मी ती साहेबांना द्यायचं विसरले आणि पदराआड धरून उभी राहिले.

अशी मी यंत्रावर लागले. अण्णांना दाराशी बसवलं, मुलांच्या पिशव्या तपासायला. पगार तोच, पण खोली गेली. सायक्लोस्टाइलवर ताडपत्री पडली. मुलं पिशवी त्यांच्यापुढे आपटून जायची, "बघा, अण्णा, चोरलं का काही!" ते पिशवीत नीट डोकावायचे आणि "जा, राजा," म्हणायचे. मला त्यांनी कधी एका शब्दानं बोल लावला नाही, म्हणून जास्तच टोचायचं. जो माणूस परक्या भाषेतलं एक उलटं अक्षर पकडतो, त्याला तीन दिवसांत कागद पालथा घालता येऊ नये? विचारायचं धाडस मात्र होत नव्हतं. उत्तर काय येईल याची भीती होती.

ते निवृत्त झाले, त्या संध्याकाळी मी बसथांब्यापर्यंत त्यांच्याबरोबर गेले. भिवंडीला मुलीकडे राहायला जाणार होते. बस समोर दिसू लागली, तेव्हा कुठे तोंडातून शब्द फुटला.

"अण्णा, खरंच कळलं नव्हतं का हो तुम्हाला?"

बस थांबल्यावर त्यांनी पायरीवर एक पाय ठेवला आणि थोडा विचार केला. खोटं बोलायची सवय नव्हती त्यांना.

"पयल्या दिशी न्हाय कळलं, पोरी."

कंडक्टरनं घंटी मारली. दांडा धरलेला त्यांचा हात तेवढा मला दिसत राहिला. ग्रंथालयाच्या दाराशी बसून बसून नखांतली शाई पार निघून गेली होती. इतका स्वच्छ हात मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.