सुभेदार तुस्कानोंच्या चौकशा

उमेळ्यात आम्ही फ्लॅट घेतला त्या दिवशी सामान अजून टेम्पोतून उतरत होतं, तेवढ्यात शेजारच्या बैठ्या घरातला एक उंच, ताठ म्हातारा कुंपणाशी येऊन उभा राहिला.

"नाव?"

"ज्ञानदा."

"गाव?"

"कोरेगाव. साताऱ्याकडचं."

"साताऱ्याकडचं! मग घरात कुणी फौजेत असणारच."

"आजोबांचे एक भाऊ होते म्हणतात."

"पलटण कुठली?"

मला ठाऊक नव्हतं. "घरच्या माणसाची पलटण ठाऊक नाही? विचारा कुणाला तरी," असं म्हणून तो निघून गेला. संध्याकाळी त्याची बायको, रोझलीनबाई, केळ्यांचा अर्धा घड घेऊन आल्या. म्हणाल्या, "मनावर घेऊ नका. ते मला बघायला आले तेव्हाही आधी माझ्या बाबांना अठरा प्रश्न विचारले, मग चहा घेतला."

हे सिप्रियन तुस्कानो, निवृत्त सुभेदार, वय एकाहत्तर. गावात त्यांना 'चौकशी खिडकी' म्हणतात. त्यांनाही ते माहीत आहे.

एकोणिसाव्या वर्षी ते फौजेत कारकून म्हणून भरती झाले आणि बहुतेक सगळी नोकरी एका रेकॉर्ड ऑफिसात झाली. तिथे प्रत्येक जवानाची एक फाईल. उंची, अंगावरची खूण, गाव, बायको, मुलं. माणूस फौज सोडून गेला तरी फाईल राहते. कधीकधी मदतीचं एखादं पत्र जुन्या जवानाच्या किंवा त्याच्या विधवेच्या पत्त्यावर जायचं आणि महिन्याने परत यायचं. पाकिटावर पोस्टाचा शेरा, 'या पत्त्यावर राहत नाही.' बाकीचे कारकून ते फाईलला टाचून मोकळे व्हायचे. तुस्कानोंना प्रश्न पडायचा, मग राहते कुठे? खाते काय? अठ्ठावीस वर्षांत परत आलेल्या अशा पाकिटांची काही नावं त्यांना अजून पाठ आहेत.

दर डिसेंबरात ध्वजदिनाला शाळेची मुलं डबा घेऊन येतात, आपण दहा-वीस रुपये टाकतो, छातीला कागदी झेंडा लावून घेतो आणि विसरतो. त्या निधीतून पुढे बरंच काही होतं. जवानाच्या लेकीच्या लग्नाला, मुलाच्या शिक्षणाला, आजारपणाला मदत मिळते. पेन्शन न लागलेल्या म्हाताऱ्या जवानांना आणि त्यांच्या विधवांना दरमहा थोडा आधार मिळतो. मलाही हे तुस्कानोंनीच सांगितलं. "देणारे आहेत, पैसा आहे, नियम आहे," ते म्हणायचे. "फक्त घेणारा घरात बसलाय आणि त्याला पत्ताच नाही."

म्हणून निवृत्त झाल्यावर ते अशी माणसं शोधू लागले. रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की सायकल काढायची आणि भटकायचं. नायगावचे नवे टॉवर, विरारच्या जुन्या चाळी, पूर्वेकडची भाताची गावं. कुणाच्या दारात कडक पॉलिश केलेले बूट दिसले, कुणी अंथरुणाची वळकटी फौजी पद्धतीने बांधलेली दिसली, की हे विचारणार. पुष्कळदा फजिती व्हायची. नायगावच्या एका सोसायटीचा वॉचमन इतका झोकात 'विश्राम'मध्ये उभा असायचा, की तुस्कानोंनी त्याची तीन रविवार उलटतपासणी केली. शेवटी निघालं काय, तर तो शाळेत असताना एनसीसीत होता. पण पंधरा-वीस घरं लागलीही. अर्ज भरून देणं, दाखले जमवणं, जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात सोबत जाणं, सगळं ते स्वतः करायचे. कुणाकडून बसचं भाडंही घेत नसत.

त्यांचा गुडघा दुखायला लागल्यापासून मी त्यांना कधीकधी स्कूटरवर नेते. मागच्या वर्षी मला सुके बोंबील हवे होते म्हणून आम्ही पाचूबंदरच्या कोळीवाड्यात गेलो. तिथे रस्त्याच्या कडेला सुंदराबाई मेहेर बसतात. सत्तरी ओलांडलेली, काळीसावळी, तुरतुरीत बाई. पुढ्यात बोंबील, जवळा, वाकट्या, आणि उरलेला माल ठेवायला एक लोखंडी पेटी. मी भाव विचारत होते. तुस्कानो मात्र त्या पेटीसमोर उकिडवे बसले आणि रुमालाने तिची बाजू पुसू लागले.

"काय रे भाऊ," सुंदराबाई म्हणाल्या, "बोंबील घेतोस का पेटी?"

"ही पेटी कुणाची?"

"कुनाची म्हंजे? माझ्या घरवाल्याची."

गंजाखाली पांढऱ्या रंगातली अक्षरं होती. एक नंबर, त्यातले दोन आकडे खरवडलेले, आणि त्याखाली इंग्रजीत नाव. तुस्कानोंनी अक्षर अक्षर लावून वाचलं. "शिपाई हरेश्वर जानू मेहेर. बरोबर?"

बाईंनी नवऱ्याचं नाव ऐकून मान दुसरीकडे वळवली आणि हसल्या. "त्येच."

मग प्रश्नांची सरबत्ती झाली. बाईंनीही न कंटाळता उत्तरं दिली. हरेश्वर नऊ वर्षं फौजेत होते. एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेकडे गेले होते. मग वडील वारले, होडीला माणूस उरलं नाही, म्हणून स्वतः अर्ज करून घरी आले. अठरा वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेले. पेन्शन नाही. कागद होते, पण एका पावसाळ्यात घरात पाणी शिरलं आणि गेले.

"मदत मिळू शकते," तुस्कानो म्हणाले. "शब्द देत नाही. अर्ज करू."

बाईंनी अर्जावर अंगठा दिला, आणि त्यांच्या सुनेने, मीराने, आधार कार्डाची प्रत आणून दिली. अपुऱ्या नंबरवरून माणूस शोधायला रेकॉर्ड ऑफिसला अडीच महिने लागले, पण त्यांनी शोधला.

ते उत्तर घेऊन तुस्कानो माझ्याकडे आले तेव्हा काही न विचारता खुर्चीत बसले. असं कधी झालं नव्हतं. त्यांनी कागद पुढे केला. नंबर बरोबर, गाव बरोबर, वडिलांचं नाव बरोबर. पत्नीचं नाव, जानकी.

"ही कोण?" मी विचारलं.

"तेच तर." त्यांनी कागद परत घेतला. "फौजेत लग्नाची खोटी नोंद सहसा कुणी करत नाही. दोन बायका मात्र पाहिल्यात मी फायलींमध्ये. एक गावाला, एक..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "पंचाहत्तरीला टेकलेली बाई. सुखाने बोंबील विकत होती. मला काय गरज होती तिची पेटी पुसायची?"

कागद लपवून ठेवावा असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. रोझलीनबाईंनी ते चालू दिलं नाही. "उकरलंत तुम्ही, आता सांगाही तुम्हीच," त्या म्हणाल्या.

आम्ही पाचूबंदरला गेलो. सुंदराबाई घरापुढे वाकट्यांच्या जुड्या बांधत होत्या. तुस्कानोंनी उभ्यानेच सांगितलं, जसं होतं तसं. बाईंचे हात थांबले नाहीत. चार जुड्या बांधून झाल्यावर त्यांनी विचारलं, "कोन ती?"

"माहीत नाही."

"पोरंबाळं लिवलीत तिची?"

"नाही. फक्त नाव आहे."

मीरा घरातून बाहेर आली होती. "आई, नको आपल्याला ती मदत. सोडा ना."

"मदतीचं कोन बोलतंय?" सुंदराबाई म्हणाल्या. "मला म्हाईत पायजे."

तुस्कानोंनी दुसरं पत्र लिहिलं. लग्नाची तारीख काय नोंदवली आहे आणि ती नोंद केव्हा झाली, एवढंच विचारलं. उत्तर यायला महिना गेला. मधल्या काळात मीराचा मला एकदा फोन आला. सासूबाई धंद्याला बसतात, जेवतात, पण सासऱ्यांच्या फोटोला हार घालायचं त्यांनी बंद केलं होतं. तुस्कानोंना मी हे सांगितलं नाही. तरी त्यांना कुठूनसं कळलंच, आणि दोन रविवार सायकल घरात राहिली.

दुसऱ्या पत्रात तारीख होती, चौदा मे एकोणीसशे सदुसष्ट. नोंद त्याच महिनाअखेरीस, रजेवरून परतल्यावर केलेली.

"आमचं लगीनबी वैशाखातलं," सुंदराबाई म्हणाल्या. "आठव्या दिवशी ते रजा संपून गेले. तारीख कोनाला ठावं?"

"तुमच्या लग्नात हजर असलेलं आज कोण आहे?"

त्यांनी आठवून आठवून एकच नाव सांगितलं. चांगुणा, धाकटी नणंद, अर्नाळ्याला दिलेली.

चांगुणाबाईंचं घर अर्नाळ्याच्या किनाऱ्याला लागून आहे. डोळ्यांनी कमी दिसतं, बाकी सगळं शाबूत. अंगणात जाळं दुरुस्त करायला मुलगा बसला होता, त्याला त्यांनी आमच्यासाठी खुर्च्या आणायला लावलं. सुंदराबाई खुर्चीत बसल्या नाहीत. नणंदेच्या पायाशी बसून त्यांनी थेट विचारलं, "चांगू, तुझ्या भावाची जानकी कोन?"

चांगुणाबाईंनी तोंड उघडं ठेवून भावजयीकडे पाहिलं. "तूच की!"

"मी?"

"मग? तांदळात नाव काढलं नव्हतं का दादानं? चौथी शिकलेला ना तो, भटानं सांगितलं आन यानं आंगठीनं काढलं. जानकी. मी बाजूलाच होते."

"मी तर खाली मान घालून होते. वाजंत्री वाजत होती."

"भटानं वाचलं मोठ्यानं. तशी आई उठली! आमच्या बाबांचं नाव जानू. आई जन्मात ते नाव घ्यायची नाय. 'मी जानार' बोलायचं झालं तर 'निघते' बोलायची. ती सुनेला जानकी हाक मारेल? म्हनाली, हे नाव माझ्या घरात चालायचं नाय, पोरीचं माहेरचं हाय तेच राहू दे. झालं. सुंदराची सुंदराच राहिलीस."

"अन् ते काय बोलले?"

"दादा? काय नाय. आईपुढं कोन बोलनार? आठ दिवसांनी गेला की."

लग्न कधी झालं ते तुस्कानोंनी विचारलं. "अखाती झाली आन दोन दिवसांनी," चांगुणाबाई म्हणाल्या. अंगणातल्या मुलाने मोबाईलवर जुनं पंचांग काढलं. सदुसष्ट साली अक्षय तृतीया बारा मेला होती.

सुंदराबाईंनी पदराचं टोक तोंडाला लावलं होतं. रडत होत्या की हसू दाबत होत्या ते मला कळलं नाही. मग त्या म्हणाल्या, "चाळीस वर्सं संसार केला. 'अगं' म्हनूनच बोलावलं. येकदा तरी बोलायचं ना, तुझं नाव असं असं ठेवलंय म्हनून."

"त्याला वाटलं असंल तुला ठावं हाय," चांगुणाबाई म्हणाल्या.

परतताना सुंदराबाई रिक्षाने पुढे गेल्या आणि तुस्कानो माझ्या मागे स्कूटरवर बसले. विरार आल्यावर ते म्हणाले, "मला आयुष्यभर वाटत आलं, प्रश्न विचारायला काही पैसे पडत नाहीत म्हणून. महिनाभर त्या बाईने नवऱ्यावर संशय घेतला. तो कुठे भरून द्यायचा मी?"

त्यानंतर ते प्रश्नाआधी 'सांगायचं नसेल तर राहू द्या' असं जोडू लागले. ही सवय पंधरा दिवस टिकली, असं रोझलीनबाईंचं म्हणणं आहे. मी म्हणेन, तीन आठवडे.

पुढचं काम कागदांचं होतं. जानकी आणि सुंदरा एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, त्यावर चांगुणाबाईंचा अंगठा, मग विधवेचं ओळखपत्र, मग मदतीचा अर्ज. सैनिक कल्याण कार्यालयात बोलावलं त्या दिवशी मीही रजा काढून गेले. बाकावर दहा-बारा माणसं होती. आतल्या कारकुनाने फायलीवरचं नाव पुकारलं, "जानकी हरेश्वर मेहेर!"

कुणी उठलं नाही. त्याने पुन्हा पुकारलं. तुस्कानोंनी सुंदराबाईंकडे पाहिलं, पण कोपर मारलं नाही की काही बोललेही नाहीत. बाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. तिसऱ्यांदा नाव आलं तेव्हा त्या सावकाश उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "हाय. हितंच हाय."

"आजी, दोनदा बोलावलं. ऐकू आलं नाही का?"

"आलं की," त्या म्हणाल्या. "म्हनून तर बसून होते."

अर्ज मंजूर व्हायला आणखी काही महिने गेले. आता दर महिन्याला पैसे त्यांच्या खात्यावर येतात. रक्कम मोठी नाही. औषधं आणि रोजची चहासाखर निघते आणि मुलापुढे हात पसरावा लागत नाही, एवढं त्यांना पुरेसं आहे. धंदा त्यांनी सोडलेला नाही. फोटोवर हार पुन्हा चढला, हे मीराने मला आपणहून सांगितलं.

तुस्कानोंना मात्र त्यांनी भलत्याच कामाला लावलं आहे. मासळी घेऊन बसणाऱ्या बाईला जे कळतं ते सायकलवरून हिंडणाऱ्या सुभेदाराला कळत नाही. कोणाच्या घरात टोपीतला फोटो आहे, कोणाचा बाप 'बार्डरवर' होता, कोणाच्या सासऱ्याला एक पाय नव्हता आणि का, हे सगळं बोंबलाच्या वाट्याबरोबर त्यांच्याकडे येतं. सहा महिन्यांत त्यांनी चार घरं दाखवली. त्यातली तीन खरी निघाली.

गेल्या आठवड्यात सुंदराबाईंचा तुस्कानोंना फोन आला. चांदीपची एक बाई जवळा न्यायला आली होती. तिच्या वाडीत एक म्हातारा एकटा राहतो, कोणाशी बोलत नाही, पण रोज पहाटे पाचला उठून आपलं अंगण एका सरळ रेषेत झाडतो.

"सरळ म्हणजे किती सरळ?" तुस्कानोंनी विचारलं.

"ते मी बघूनच सांगनार," सुंदराबाई म्हणाल्या. "रविवारी मी पन येते. तू एकटा नको जाऊस, तू लई विचारतोस."