बाबुलालजींकडे आलेल्या तुटक्या चाब्या

ज्याची चाबी कुलपात तुटली, तो माणूस गप्प बसत नाही. आपण आतला तुकडा हलवत असतो आणि तो शेजारी उकिडवा बसून घरातलं सगळं सांगत सुटतो. विचारावं लागतच नाही! स्वातंत्र्यानंतरची दहा-बारा वर्षं बाबुलालजींनी आणि मी गोंदियाच्या बाजारात कुलपांचं दुकान चालवलं. तेवढ्या काळात इतकं ऐकलं, की आता विसरू म्हटलं तरी विसरत नाही.

बाबुलालजी माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. मराठी सगळी समजायची, बोलायचे हिंदीत. त्यांचा नियम एकच. कुलूप तोडायचं नाही. दोन थेंब मातीचं तेल, म्हणजे रॉकेल, सोडायचं, करवतीचं बारीक पातं तुकड्याला लावायचं आणि हळू ओढायचं. "तोड़ना तो सबको आता है," म्हणायचे.

*

एकदा बिडी कारखान्यातले एक मुनीमजी भर उन्हात धावत आले. चाबी दारात तुटली, बायको माहेरी, सकाळपासून पोटात अन्न नाही!

आम्ही पेटी घेऊन त्यांच्या घरी गेलो. तुकडा वाकडा अडकलेला. तासभर दोघंही घामाघूम झालो, तेव्हा कुठे तो निघाला. दार उघडून आत गेलो, तर समोरच्या उघड्या दारातून परसातलं लख्ख ऊन.

"मुनीमजी, मागचं दार?"

"ते? ते त उघडंच रायते. कोण येते तिकडून!"

*

तिरोड्याकडचे दोन भाऊ पॅसेंजरने आले. वडील गेले त्याला पंधरा दिवस झालेले. त्यांची लोखंडी पेटी आधी कोणी उघडायची यावर दोघांची ओढाताण झाली आणि चाबी आतच तुटली. थोरल्याने पेटी आणली होती, धाकट्याने हातात राहिलेला तुकडा. आले एकाच गाडीने, बसले मात्र वेगळ्या डब्यांत!

दोघं दुकानाच्या दोन टोकांना उभे राहिले. मी तुकडा काढला, झाकण उचललं. आत फडक्यात बांधलेल्या पाच-सहा पुरचुंड्या. सगळ्यांत धानाचं बियाणं. प्रत्येकीत एक चिठ्ठी, शेताच्या कोणत्या बांधीत काय पेरायचं त्याची. अक्षर वडिलांचं, थरथरलेलं.

थोरला एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचू लागला. तिसऱ्या चिठ्ठीला तो मध्येच अडला. मग धाकट्याने ती त्याच्या हातातून घेतली आणि पुढचं वाचून काढलं.

मी विचारलं, "नव्या चाब्या दोन करू ना?"

"दोन कायले?" धाकटा म्हणाला. "एकच करजा. चाबी दादाजवळ राहीन."

*

बाबुलालजींचा नियम मोडलेला मी एकदाच पाहिला.

दवाखान्यातल्या नर्सबाई स्वतः पळत आल्या. औषधांच्या कपाटाची चाबी घाईत तुटली होती. आम्ही पोचलो, तर खाटेवर चारेक वर्षांची मुलगी श्वासासाठी धडपडत होती. तिची आई तिचे पाय धरून बसलेली.

बाबुलालजींनी पातं घातलं. तुकडा हलेना. मागून मुलीच्या छातीचा आवाज येत होता. त्यांनी पुन्हा ओढून पाहिलं, पातं खाली ठेवलं आणि हातोडी उचलली.

"अरे, सरकारी ताला है!" कंपाउंडर ओरडला.

"सरकार का ताला मैं फिर बना दूँगा. तू बच्ची बना देगा?"

दोन घावांत कुलूप पडलं. मुलगी वाचली. दुकानात परतल्यावर बाबुलालजींनी हातोडी माझ्या पुढ्यात ठेवली. म्हणाले, "हथौड़ी अब तू रख."

*

आणि एका दुपारी ती बाई आली. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या कुटुंबांपैकी. पन्नाशीची असेल, पांढरी ओढणी. तिने ओढणीच्या टोकाची गाठ सोडून एक चाबी पुढे ठेवली. नुसती कडी आणि अर्धी दांडी.

"कुलूप कुठाय?" मी विचारलं.

"वहीं. हमारे दरवाज़े पर."

निघताना घाईत चाबी तुटली होती. नवऱ्याने हात धरून ओढलं, ती निघाली. तेव्हापासून नवरा म्हणत राहिला, कुलूप लागलंच नव्हतं, घर तू उघडं टाकून आलीस. कोणाशी बोलताना, जेवताना, आजारात. महिन्यापूर्वी तो गेला. जातानाही तेच म्हणाला.

"भैया, देखकर बताओ. टूटने से पहले ताला लग गया था कि नहीं?"

मी काही बोलणार, तोच बाबुलालजींनी चाबी उचलली. बाहीला पुसली. उन्हात धरली. तुटलेल्या टोकावरून कितीतरी वेळ अंगठा फिरवत राहिले.

"लग गया था, बहन."

"पक्का?"

"पक्का. लगने के बाद टूटी है."

ती पायरीवर बसली. पाणी मागितलं. सावकाश प्याली. चाबी पुन्हा ओढणीत बांधली आणि उठून स्टेशनच्या रस्त्याने गेली.

ती वळणाआड झाल्यावर मी म्हणालो, "बाबुलालजी, असं खरंच समजते का जी?"

ते कानस पुसत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "अगला कौन है?"

दुकानात दुसरं कोणीच नव्हतं.