चिक्कतायम्माचा कोपरा

चिक्कतायम्माची शिट्टी वाजली की आमच्या गल्लीत डबे घेऊन पळापळ सुरू होते. ओला कचरा एका हातात, सुका दुसऱ्या हातात. ज्याने दोन्ही एकत्र केलं त्याची सकाळ वाया गेलीच म्हणून समजा. मागच्या उन्हाळ्यात आमच्या वकीलसाहेबांनी भोपळ्याच्या सालींत दाढीचं पातं टाकलं होतं. चिक्कतायम्माने ते दोन बोटांत धरून सगळ्या गल्लीला दाखवलं. "बघा हो! खटला भरायच्या आधीच वकीलसाहेब माझी बोटं कापायला निघालेत!" तेव्हापासून वकील डबा घेऊन खाली येत नाहीत, बायकोला पाठवतात.

माझं कॉफीच्या पुडीचं दुकान गल्लीच्या तोंडाशी आहे, त्यामुळे हा सगळा तमाशा मला फुकटात दिसतो. म्हैसूरला लोक राजवाडा बघायला येतात. बघू देत बापडे. माझ्याकडे पाहुणा आला की मी त्याला आधी आमचा रस्ता दाखवतो आणि म्हणतो, चपला काढून चाल, तळव्याला काही लागलं तर सांग. अजून कुणी सांगितलेलं नाही. महापालिका पगार देते, गाडी देते, हिरवा कोट देते, हे सगळं खरं. पण रस्ता स्वच्छ राहतो तो या बाईच्या तोंडामुळे, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन.

ती नंजनगूडकडच्या खेड्यातून लग्न होऊन इथे आली. सासू हाच रस्ता झाडायची. सासूचे गुडघे गेले तेव्हा खराटा सुनेच्या हातात आला, आणि पहिल्याच दिवशी सासूने तिला बजावलं, "हे लोक पाणी देतील ते वरून ओततील. घरातलं कुंकू काही आपल्या कपाळापर्यंत यायचं नाही. पण उंबऱ्याच्या खाली रस्ता आपला. तिथे कुणाचं ऐकून घ्यायचं नाही." हे तिने मला स्वतःच सांगितलंय, माझ्या दुकानाच्या पायरीवर कॉफी पिता पिता. सांगताना हसत होती, मला मात्र हसू आलं नाही.

तिचं सगळं आयुष्य एका कोपऱ्यावरून पणाला लागलं ते गेल्या वर्षी. माझ्या दुकानासमोर एका बंद वखारीची भिंत आहे. पूर्वी तिथे कचऱ्याची भलीमोठी लोखंडी पेटी होती. पेटीत थोडा कचरा, भोवती ढीग, ढिगावर कुत्री आणि गाई. तिच्या सासूने रोज भांडून भांडून ती पेटी तिथून काढायला लावली होती. पण बाहेरचे लोक स्कूटरवरून जाता जाता तिथे पिशव्या फेकायचे ते काही थांबेना. चिक्कतायम्माने तिथे रांगोळी काढली. लोकांनी रांगोळी न मोडता, जपून, शेजारी पिशव्या ठेवल्या.

मग आरोग्य निरीक्षक चेलुवराजू आले आणि म्हणाले, "पेटी परत ठेवू या. निदान सगळी घाण एका जागी राहील."

"साहेब, सासूने घालवलेली पेटी माझ्या हाताने परत आणू? मग मी वर गेल्यावर तिला तोंड कसं दाखवू?"

"अगं, तुझ्या सासूचा काय संबंध?"

"तिचाच संबंध आहे. तुम्ही काल आलात."

चेलुवराजू माणूस भला. त्यांनी आयुधपूजेपर्यंत, म्हणजे आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंत, मुदत दिली. दसऱ्याच्या सकाळी कोपरा स्वच्छ दिसला तर पेटी दुसरीकडे जाईल, नाहीतर इथेच. आता आयुधपूजेला म्हैसूरच्या रस्त्यांचं काय होतं ते मी सांगायला नको. गाड्या, यंत्रं, कात्र्या, जे हाताला लागेल त्याची पूजा, आणि प्रत्येक पूजेला कुंकू भरलेला कोहळा भर रस्त्यात फोडायचा. चेलुवराजूंनी नेमकी त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ निवडली होती.

मदत म्हणून त्यांनी भिंतीवर देवांची चित्रं असलेल्या फरशा बसवल्या. देवासमोर कोण कचरा टाकेल? कल्पना बरी होती. पिशव्या खरंच बंद झाल्या. आणि आठवड्याभरात तिथे देव यायला लागले. काच फुटलेली लक्ष्मी, वाळवी लागलेला वेंकटरमण, जुन्या कॅलेंडरावरचे देव, सुकलेले हार, नारळाच्या करवंट्या. घरातला जुना देव कचऱ्यात टाकायचा नाही, पण देवाच्या पायाशी आणून ठेवला की पाप लागत नाही, हा हिशोब आमच्या लोकांना कुणी शिकवावा लागत नाही. ढीग कंबरेएवढा झाला. झाडणाऱ्या बाकीच्या बायका हात लावेनात. देवाला कचऱ्याच्या गाडीत कोण घालणार?

चिक्कतायम्मा एक दिवस ढिगासमोर उभी राहिली आणि फुटक्या लक्ष्मीला म्हणाली, "काय गं बाई, तुलाही घराबाहेर काढलं?"

मग तिने ढकलगाडी घासून धुतली. एकेक तसबीर पुसली, जवळच्या कुंकवाची बोटं लावली, आणि दिवेलागणीला गाडी घेऊन दारोदार निघाली. मी दुकान उघडं टाकून मागे गेलो. अशी मजा कोण सोडेल?

पहिलं दार वकिलांचं. त्यांच्या बायकोने, विशालाक्षम्माने, दार उघडलं.

"अम्मा, लक्ष्मी आलीय दारात."

विशालाक्षम्माचा चेहरा उतरला. लक्ष्मी त्यांचीच होती, चौकट मी ओळखली. "आत्ता? अगं, ती तर आम्ही..."

"दिव्याची वेळ आहे. परत पाठवू का तिला?"

दिवेलागणीला दारी आलेली लक्ष्मी परत पाठवायची छाती म्हैसुरात कुणाची आहे? बाई आत धावली, कुंकवाची कोयरी घेऊन आली, तसबिरीला कुंकू लावून ती पदरात घेतली. समोर सवाष्ण उभी होती, तिच्या कपाळाकडे मात्र कोयरी वळली नाही. दार लागलं. चिक्कतायम्माने गाडी पुढे ढकलली.

सगळ्या गल्लीत असंच झालं. कुणाचा देव कुणाकडे गेला याला काही धरबंध नव्हता. माझ्या गळ्यात एक सुब्रह्मण्य पडला.

"अगं, हा माझा नाही!"

"अण्णा, कुणाचा तरी असेलच ना? तोवर सांभाळा."

अजून माझ्या गल्ल्यावर आहे तो, मोरासकट. त्या संध्याकाळनंतर कोपऱ्यात एकही देव आला नाही. आला तर परत घरी येईल, ही धास्ती सगळ्यांनी घेतली. आणि चिक्कतायम्मा जाता जाता ओरडून सांगायची, "आज देव परत आलेत, उद्या पिशव्या येतील!"

आयुधपूजेला तिने त्याच कोपऱ्यात आपली गाडी आणि खराटा झेंडूने सजवला, केळीचे खुंट बांधले. सगळ्यांना चुरमुरे, डाळं, बत्तासे वाटले. घराघरांत गोणपाट देऊन आली आणि दम भरला, "कोहळा फोडा, हौसेने फोडा, पण गोणपाटावर. रस्त्यावर पडला तर बिया मी मोजून तोंडात घालीन." मीही माझ्या दळणयंत्रासमोरचा कोहळा गोणपाटावरच फोडला. तोंडात बिया कुणाला हव्यात?

तरी रात्रभर मला धाकधूक होती. दसऱ्याच्या पहाटे दुकान उघडायला आलो तर पेटी घेऊन ट्रक उभा, शेजारी चेलुवराजू. चिक्कतायम्मा खराटा धरून कोपऱ्यासमोर उभी होती आणि तिला झाडायला काहीच नव्हतं. भिंतीखाली ओला, सारवल्यासारखा स्वच्छ तुकडा, आणि त्यावर ताजी, मोठी रांगोळी.

"ही तू काढलीस?" चेलुवराजूंनी विचारलं.

"नाही साहेब."

विशालाक्षम्मा भिंतीशी उभ्या होत्या. बोटं रांगोळीने पांढरी झालेली. चेलुवराजूंनी रांगोळीकडे पाहिलं, ट्रकवाल्याला म्हणाले, "फिरव गाडी." ट्रक फिरला आणि पेटी खडखडत गेली. मी आनंदाने ओरडलो, लाज वाटली नाही.

विशालाक्षम्मांनी कमरेची कोयरी काढली. आधी खराट्याला कुंकू लावलं. मग जरा थांबल्या, एक पाऊल पुढे आल्या, आणि चिक्कतायम्माच्या कपाळाला लावलं. रस्त्यावर, सगळ्यांसमोर.

गल्लीभर जिचं तोंड चालतं, तिने गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि जीव खाऊन फुंकली. कचऱ्याची वेळ व्हायला अजून बराच अवकाश होता, तरी अख्खी गल्ली डबे घेऊन बाहेर आली.